पाव्हन्याचं ताट

पांढरकवड्याच्या मायनं मला हात दिला, हे सगळ्यात आधी लिहिते. काय झालं, कसं झालं ते मागनं येईलच. पण माझं असं आहे, गोष्ट सांगायला बसले की मी घाबरते, भरकटते, आणि ज्याचं नाव पहिलं घ्यायला पाहिजे ते शेवटी राहूनच जातं. तसं व्हायला नको.

माय हे काही तिचं नाव नव्हे. वस्तीतली निम्मी माणसं तिला माय म्हणायची, उरलेली निम्मी कुत्र्याची बुढी म्हणायची. ती दोन्हीला ओ द्यायची.

मी तिथं गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. शाळा पाचवीत सुटलेली. पाचवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावात होता, पोरीला रोज नावेतनं कोण सोडणार म्हणून घरच्यांनी दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. लग्न झालं ते सरकारी रोडरोलर चालवणाऱ्या माणसाशी. नागपूरच्या दीक्षेला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा ह्यांची बदली थेट यवतमाळ जिल्ह्यात झाली. सातारा कुठं आणि पांढरकवडा कुठं! रोलर बैलगाडीपेक्षाही हळू चालतो. सडक गावापासून लांब गेली की हे तिकडंच तंबूत राहायचे, आठ-आठ दिवस. मी खोलीत एकटी. भाषा मराठीच, पण मला निम्मी कळायची नाही. बायकासुद्धा ‘मी जातो, मी खातो’ म्हणायच्या. कुणी हाक मारली तरी छातीत धस्स व्हायचं.

आमच्या खोलीत आणि मायच्या झोपडीत एक कुडाची भिंत होती. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी चुलीपुढं बसून रडत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, “काहून रडून राह्यली वं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“काही नाही तं हळू रड. पाव्हना जेवून राह्यला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी पाहुणा बसलाय आणि आपण गळा काढलाय! डोळे पुसून क्षमा मागायला गेले. बघते तर अंगणात जर्मनचं स्वच्छ घासलेलं ताट, ताटात भाकरीचे तुकडे, वर पातळ वरण, आणि ताटावर एक भुरा कुत्रा, डाव्या कानाचं टोक तुटलेला. समोर पाटावर माय बसलेली, हातात तिचं स्वतःचं ताट. दोघं जेवत होती. मी हसू की काय करू अशी उभी राहिले.

“हाच पाव्हना,” माय म्हणाली. “बस. तू जेवली?”

मायची पहिली ओळख ही. दुसरी ओळख माझ्या चुकीनं झाली, आणि ती मला अजून आठवली की कानशिलं तापतात.

तिला खूश करायचं म्हणून मी एकदा एक उद्योग केला. हे तंबूवरनं आले होते. जेवताना ताटात अर्धी भाकरी आणि थोडा भात राहिला. आमच्याकडं गावी राहिलेलं कुत्र्याला घालायचे, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मी ते ताट घेऊन गेले आणि पाव्हन्यापुढं ओतलं. कुत्रा हलला नाही. मायकडं बघत राहिला. माय उठली. गुडघे गेलेले, तरी उठली. तिनं तो भात माझ्याच ताटात परत भरला, हातानं, एकेक शीत वेचून, आणि ताट माझ्या हातात दिलं.

“माह्या घरी उष्टं कोनी खात नाही. मी नाही, तो नाही. अन् या अंगनात बसली तं तूबी नाही.”

चुकले म्हटलं, पुन्हा होणार नाही म्हटलं. तेव्हा तिनं मला खाली बसवलं आणि सांगितलं. तिचं लहानपण टोपलं घेऊन दारोदार भाकरी मागण्यात गेलं होतं. मागायची ती तरी कसली, दुसऱ्याच्या ताटातली, वरनं टाकलेली. टोपलं लांब धरायचं, अंगावर सावली पडू द्यायची नाही. पुढं नवरा एका पाटलाकडं सालदार, वर्षाच्या करारावरचा गडी. तिथंही तेच. मग वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षेला गेली, त्यात ही दोघंही होती. परत येताना वाटेत एका झाडाखाली सगळे भाकरी खायला बसले. हा कुत्रा, तेव्हा पिल्लूच, मायपुढं येऊन बसला. तिनं आपल्या भाकरीतली मोडून त्याला दिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला काही दिलं, आणि ते उष्टं नव्हतं, असं ती म्हणायची. पिल्लू मागं मागं आलं ते आलंच. घरी आल्यावर तिनं टोपलं चुलीत घातलं.

“टोपलं जळालं त्या दिवशी तो पाव्हना आला,” ती म्हणायची. “मंग त्याले कसं उष्टं घालू? मी बाटातून, त्या इटाळातून निंघाली अन् त्याले बाटात ठिवू?”

वस्तीतली पोरं खिदळायची. “माय, कुत्र्यालेबी दीक्षा देली का वं?” ती म्हणायची, “तुमच्यापरीस बरा पाळते तो.”

मी गेले तेव्हा तिचा नवरा जाऊन वर्ष झालेलं. मूलबाळ नाही. कापसाच्या जिनात सरकी निवडायला जायची तेही डोळ्यांमुळं बंद झालेलं. कचेरीतनं निराधार म्हाताऱ्यांना महिन्याची थोडी ज्वारी आणि वर मिठामिरचीपुरते पैसे मिळायचे, त्यावर ती जगत होती. गावातल्या चार मोठ्या माणसांची एक कमिटी होती, कुणाचं नाव ठेवायचं, कुणाचं काटायचं ते ती ठरवायची. मायला त्या ज्वारीची लाज नव्हती. उलट ती आणायला जाताना धुतलेलं लुगडं नेसायची. “हे टोपल्यात टाकलेलं नाही,” म्हणायची. “मापानं मोजून देल्लं हाये. कागदावर माहा आंगठा हाये. मी गरीब हाओ, भिकारी नाही.”

पण एकट्या माणसाच्या ज्वारीत दोघं. ती रोज भाकरी बरोबर मधोमध मोडायची. मधोमध कधीच मोडत नाही. एक तुकडा मोठा होतोच. तर त्याचा नियम ठरलेला, आज मोठा तुकडा तिचा, उद्या त्याचा. एखाद्या दिवशी तिला आठवायचं नाही, तर मला भिंतीवरनं विचारायची, “सातारवाली, काल मोठा कोनाचा होता वं?” मी म्हणायची, “त्याचा.” मी नेहमी त्याचाच म्हणायची, म्हणजे आज तिचा येईल. चार-पाच दिवसांनी तिनं मला धरलं. “तू खोटं बोलून राह्यली. असं करू नको. पाच गोष्टी कबूल करून आलो आपन नागपुरातून, त्यातली एक तं पाळ.” माझ्या माहेरचेही दीक्षेतलेच. ती पाच वचनं मला पाठ होती, पण ती अशी भाकरीच्या तुकड्यालाही लागतात हे माहीत नव्हतं.

आणि हे तिचं खरं बोलणं मोठं महागात पडणारं होतं. ढोरांच्या दवाखान्यातलंच बघा.

पाव्हन्याच्या तुटक्या कानात जखम होऊन किडे पडले. माय त्याला दोरी न बांधता दवाखान्यात घेऊन गेली, मी सोबत. तिथं बैल उभा करायचा लाकडी खोडा होता. कंपाउंडर जाडा, मिशीवाला, आणि तोंडानं फटकळ. बैल-गाई-म्हशी शेतकऱ्याच्या, त्यांना गरिबीचा दाखला असला की औषध फुकट. कुत्र्याला फी. त्याला मायची दया आली असावी. तो रजिस्टर उघडून म्हणाला, “बुढे, इथं जनावराचा उपयोग लिहा लागते. मी लिहितो, शेताची राखन. म्हंजे फुकटात बसन.”

“मले शेत नाही.”

“तं घराची राखन लिहितो.”

“तो राखन करत नाही. चोर आला तं शेपूट हालवते.”

रांगेतले शेतकरी हसले. कंपाउंडर वैतागला. “अवो मंग करते काय तो?”

“माह्या संगं रायते.”

कंपाउंडरनं टाक खाली ठेवला. पुन्हा उचलला. आणि लिहिलं. मी डोकावून वाचलं, उपयोगाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, ‘सोबत’. त्या रकान्याला औषध फुकट मिळत नव्हतं. माय म्हणाली, फी मी अंगमेहनतीनं देतो. त्या दिवसापासून दर बाजाराच्या दिवशी ती दवाखान्यात जाऊन खोड्याभोवतीचं शेण काढायची, गोवऱ्या थापायची, आणि त्याच गोवऱ्यांवर सुया उकळायचं पाणी ठेवायची. कानाची जखम पंधरा दिवसांत भरली. ती मात्र पुढं महिनाभर जात राहिली. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाली, “किडे माराले टर्पेंटाईन किती लागलं ते मले मालूम नाही. कमी भरण्यापरीस जास्त भरलं बरं.” कंपाउंडर पुढं पुढं तिला बघितलं की उठून उभा राहायचा. वर म्हणायचा, “आली, सोबतवाली आली!”

हीच बातमी बहुतेक फिरत फिरत कमिटीपर्यंत गेली. कुत्र्याला दवाखान्यात नेणारी बाई निराधार कशी? कचेरीतनं शिपाई सांगून गेला, परवा पडताळणी आहे, बुढीनं हजर व्हावं, आणि काही म्हणणं असेल तर लेखी द्यावं.

कचेरीच्या झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसायचे. त्यातल्या एकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सोपं आहे, कुत्रं तुझं नाहीच असं लिहू. नाहीतर राखणीचं आहे असं लिहू. माय उठून चालू लागली. घरी येऊन मला म्हणाली, “तू लिही.”

मी म्हटलं, “माय, मला येत नाही. मी पाचवीत सोडली.”

“मले आंगठा येते, तुले अक्षर येते. तू माह्याहून मोठी साहेब हायेस. लिही.”

त्या दिवशी मी किती घाबरले होते ते सांगता येणार नाही. मदत म्हणजे तिच्या तोंडचा घास. माझ्या हातनं एक शब्द उलटा गेला तर म्हातारी उपाशी. आणि खरं लिहिलं तरी नाव काटणार, असंच मला वाटत होतं. मी तिला म्हटलंसुद्धा, “काही दिवस पाव्हन्याला माझ्या खोलीत ठेवू. माझा म्हणून सांगू.” तिनं नुसतं बघितलं. मी कागद घेतला. ती सांगत गेली, मी माझ्या भाषेत लिहीत गेले. तीन कागद फाडले. शेवटी जो राहिला तो एवढाच होता. ‘कुत्रा माझा आहे. तो राखण करत नाही. माझ्या वाट्याच्या भाकरीतली अर्धी खातो, सरकारची जास्तीची खात नाही. दवाखान्याची फी मी काम करून देते. मला दिलेल्यातलं मी कोणाला वाटावं हे मला ठरवू द्यावं.’ खाली अंगठा.

पडताळणी कचेरीच्या व्हरांड्यात होती. टेबलामागं नायब साहेब, बाहेरगावचे, चष्मेवाले. बाजूला कमिटीचे मेंबर. पायरीवर म्हाताऱ्यांची रांग. माय पाव्हन्याला घेऊनच गेली. “ज्याची चवकशी हाये तो पाह्यजे ना तिथं,” म्हणाली. दोन दिवस झाले पाव्हना जरा मलूल होता, पण आला.

एका मेंबरपुढं चहा आणि भज्यांची बशी होती. त्यांनीच सुरुवात केली. “बुढे, कुत्रं पोसाले दाने हायेत, अन् सरकारपुढं हात पसरते?”

“हात नाही पसरला,” माय म्हणाली. “आंगठा देला.”

रांगेत कुणीतरी खोकलं. मेंबर लाल झाले. “कुत्रं सोडून दे. नाव रायते. नाहीतं काटतो.”

“तुमच्या गोठ्यात ढोरं किती हायेत जी?”

“माही ढोरं माह्या पैशानं खाते.”

“हा माह्या पोटातलं खाते.”

नायब साहेब अर्ज वाचत होते. मेंबरनी एक भजं उचललं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं पायरीवर फेकलं. “पाहा साहेब. गावातलं कुत्रं हाये. कोनीबी फेकलं तं खाऊन जगते. त्याले जवारी कायले पाह्यजे? बुढीची सारी नाटकं हायेत.”

भजं पाव्हन्याच्या पायापाशी पडलं. ताजं होतं, वास माझ्यापर्यंत येत होता. त्यानं नाक खाली नेलं. हुंगलं. मग मान वर करून मायकडं बघितलं.

घरी ताट वाढलं की माय म्हणायची, “घ्या पाव्हने, जेवा,” तेव्हाच तो तोंड लावायचा. आता ती काही बोलली नाही. समोर भिंतीकडं बघत उभी राहिली. पाव्हन्यानं भज्याकडं पाठ फिरवली आणि तिच्या पायावर हनुवटी टेकून बसला.

मग रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोक्याचं पटकूर काढून झटकलं आणि मोठ्यानं म्हणाला, “वाऽ रे पठ्ठ्या!” सगळे हसले. नायब साहेबही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, “नाव राहू द्या.”

त्या दिवशी घरी येताना मी अक्षरशः उड्या मारत आले. वस्तीत पोरांनी पाव्हन्याला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मायनं चूल पेटवली. भाकरी मोडली, मोठा तुकडा त्याला दिला. “घ्या पाव्हने, जेवा.”

त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

माय खाली बसली. त्याचा जबडा उघडून चुलीच्या उजेडात धरला. मीही वाकून बघितलं. मागची दाढ किडून काळी पडलेली, हिरडी सुजून तिथनं रक्त येत होतं. त्याला काही खाताच येत नव्हतं.

मायनं जबडा सोडला. बराच वेळ त्याच्या मानेवरनं हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “सातारवाली, कागद काढ.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हात जोडले. “माय, नको. झालं ना आता. नाव राहिलं ना.”

“कायच्यावर राह्यलं?”

“तू कुठं खोटं बोललीस?”

“बोलली नाही. पन त्यायनं भलतंच समजलं, अन् मी आता समजूनबी उगी राह्यली तं ते माह्यंच खोटं झालं. या जवारीची भाकर मले गोड लागन का वं?”

“आणि उद्या नाव काटलं तर? खाशील काय?”

“तवा पाहू.” मग हळू म्हणाली, “तुले भेव वाटते तं नको येऊ. लिहून दे फक्त.”

मी लिहिलं. अक्षर इतकं हललं की मलाच वाचवेना. ‘काल कुत्र्याने भजे खाल्ले नाही. त्याची दाढ दुखत आहे हे आम्हाला घरी आल्यावर कळले. म्हणून त्याने उष्टे आहे म्हणून खाल्ले नाही की दुखते म्हणून, हे आम्ही सांगू शकत नाही. साहेबांनी हे धरून काय ते ठरवावे.’ आणि मी गेलेसुद्धा. तिला एकटीला पाठवलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत नायब साहेब एकटे होते. त्यांनी तो अर्ज दोनदा वाचला. मग मायकडं बघितलं, मग माझ्याकडं. “हा कुणी लिहिला?”

“मी,” म्हटलं.

“शिक्षण?”

“चौथी. पाचवीत सोडली.”

“वाचता येतं आहे,” ते म्हणाले. एवढंच. पण मला ते आजतागायत पुरलं आहे.

मग मायला म्हणाले, “मग आजी, दाढ बरी झाली की तो भजं खाईल?”

“त्याच्या मनातलं मी कसं सांगू साहेब? आजवर म्या म्हनल्याशिवाय खाल्लं नाही. उद्याचं मले मालूम नाही.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी शिपायाला सांगितलं, “हा अर्ज कालच्या अर्जाला जोडा.” काहीतरी लिहिलं, सही केली. “आजी, नाव कुत्र्यामुळं राहिलं नव्हतं, गरजेमुळं राहिलं. ते राहील. आता यापुढं अर्ज आणू नका, माझी फाईल फुगते.”

मायनं नमस्कार केला नाही. तिनं “जयभीम साहेब” म्हटलं, आणि मान ताठ करून बाहेर आली. पायरीवर मात्र तिला बसावं लागलं. माझा हात तिनं घट्ट धरून ठेवला. तिलाही भीती वाटली होती, हे मला तेव्हा कळलं. तोवर मला वाटायचं, भीती फक्त मलाच वाटते.

दाढ ढोरांच्या डॉक्टरांनी काढली. कुत्र्याची दाढ काढायची ही त्यांचीही पहिलीच वेळ. कंपाउंडरनं पाय धरले, मी डोकं धरलं, माय पाव्हन्याच्या कानाशी काहीबाही बोलत बसली. पुढचे दोन बाजार मीही तिच्याबरोबर शेण काढायला गेले. तिनं आधी ‘नको’ म्हटलं. मी म्हटलं, “डोकं मी धरलं होतं, फीमध्ये माझाही वाटा आहे.” तेव्हा मानली. त्या महिन्यात कमिटीच्या मेंबरनी ज्वारी उशिरा सोडली, मुद्दाम की कसं कोण जाणे. मायची रोजची भाकरी अर्धीवर आली. पण ती अर्धीसुद्धा दोन तुकड्यांत मोडली जायची, आणि मोठा तुकडा कुणाचा ते मला विचारलं जायचं. मी खरं सांगायची.

आणि हो, दाढेची जखम भरल्यावर पोरांनी भजं फेकून बघितलंच. पाव्हन्यानं हुंगलं आणि मायकडं बघितलं. पोरं कचेरीत सांगायला निघाली होती. मायनंच थांबवलं. “साहेबानं म्हनलं ना, अर्ज आनू नका.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिकडं बैलांचे खांदे शेकतात. तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला लावायची, वर्षभर जू ओढून तिथं घट्टे पडलेले असतात. आणि बैलाला म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” माय हे पाव्हन्याला करायची. वस्तीतली शिकलेली पोरं चिडायची. “माय, आपन जुनं सोडलं ना आता? हे कायले?”

“म्या देव सोडले. हा देव हाये काय?”

“पन कुत्र्याच्या खांद्यावर कोनतं जू हाये वं?”

“माह्यं,” माय म्हणायची.

तिनं मला एकदा सांगितलं होतं, तीस वर्षं पाटलाच्या बैलांचे खांदे तिनं शेकले, नवऱ्यानं हाकले त्या बैलांचे. नवऱ्याचे खांदे शेकायचं एकदाही सुचलं नाही. “बैलाइतकेच घट्टे होते त्याले,” म्हणाली. ते सांगताना ती रडली नाही. पाव्हन्याच्या ताटाला राख लावत होती, लावत राहिली.

आमची बदली आली ती नेमकी पोळ्याच्या तोंडावर. सकाळी ट्रक निघणार होता. आदल्या संध्याकाळी मी भांडी बांधत होते. माय भिंतीवरनं म्हणाली, “ये इकडे.” गेले. वाटीत तूप-हळद होती. तूप कुठनं आणलं होतं देव जाणे. पाव्हन्याच्या खांद्याला लावून झालं होतं, तो पिवळा होऊन ऐटीत बसला होता. तिनं मला पाटावर बसवलं, पदर सरकवला आणि पळसाच्या पानानं माझ्या खांद्यांना लावायला लागली. डाव्या, उजव्या. कोमट, मऊ.

“हे काय माय?”

“दोन अर्ज वाह्यले तू या खांद्यावर. जड होते.” आणि मग, जशी बैलाला म्हणतात तशी, गंभीर तोंडानं म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधीच ट्रक निघाला. आवतण घेतलं, जेवण राहिलं.

त्यानंतर ह्यांच्या रोलरमागं मी किती गावं फिरले. जिथं जाईन तिथं बायका विचारतात, अर्ज लिहून देता का? मी देते. भीती अजून वाटते, पण लिहिते, आणि खरं तेवढंच लिहिते. गेल्या महिन्यात मायचं पत्र आलं, मास्तरांकडनं लिहून घेतलेलं. ‘पाव्हना गेला. कडुलिंबाखाली पुरला. दुसरा आला नाही. वाट नाही पाहून राह्यलो. ताट धुऊन ठिवलं हाये.’

पत्र वाचल्यापासून एकच गोष्ट मनात फिरते आहे. तिनं बैलांचे खांदे शेकले, कुत्र्याचे शेकले, माझे शेकले. तिचे कुणी शेकले नाहीत. पोळा लांब नाही. ह्यांना रजा मिळो न मिळो, मी येईन माय. आदल्या संध्याकाळीच येईन. तूप मी आणेन, हळद मी कालवेन, तू नको म्हणशील तरी तुला पाटावर बसवेन. आणि दुसऱ्या दिवशी ताजी भाकरी करून ती मधोमध मोडेन. मोठा तुकडा तुझा.